किसुमूला बिऱ्हाड नेताना: सोमवारी सकाळी बाकीचे तिघं काय करणार?

ख्रिस्तात सलाम, पाळकभाऊ. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही कोल्हापुरातल्या एका मंडळीचे सहायक पाळक. पश्चिम केनियातल्या किसुमूच्या चर्चनं तिथल्या तरुण पाळकांना शिकवायला तुम्हाला तीन वर्षांसाठी बोलावलंय. पत्नी नर्स आहेत, मुलगा सहावीत, मुलगी बालवाडीत. परीक्षा संपल्या की मेमध्ये निघायचा विचार आहे. आणि प्रश्न असा की सेवेची तयारी कशी करावी आणि सोबत काय न्यावं.

सोबत काय न्यायचं ते शेवटी सांगते, ते सोपं आहे. आधी मी तुम्हाला विचारते. तिथं पोचल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला तुम्ही पिशवी खांद्याला लावून शिकवायला जाल. दार लागेल. त्या दाराच्या आत राहिलेले तिघं त्या दिवशी काय करणार आहेत? तुमच्या चार पानी पत्रात याच्याबद्दल एक ओळ नाही. अभ्यासक्रम आहे, प्रार्थनेचे मुद्दे आहेत, पंचांच्या बैठकीचा ठराव आहे. पत्नीबद्दल एवढंच की "त्यांची पूर्ण साथ आहे."

माझीही होती हो पूर्ण साथ. आम्ही एप्रिल 2004 मध्ये किसुमूला उतरलो आणि 2015 मध्ये परत आलो. मी मिरजेला शिकलेली नर्स, तेव्हा नऊ वर्षं वॉर्डात काढलेली. यजमानांना पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी काम मिळालं, माणसं मिळाली, मान मिळाला. मला मिळालं अनोळखी गॅसची शेगडी असलेलं स्वयंपाकघर आणि पत्र्यावर वाजणारा पाऊस. तिथं मार्च ते मे मोठा पाऊस असतो, दुपारी ढग भरतात आणि व्हिक्टोरिया तळ्यावरून विजा कडाडत येतात. पहिले दोन महिने मी दुपारी रडायचे आणि संध्याकाळी ते यायच्या आत तोंड धुवायचे. त्यांना वाटायचं सगळं झकास चाललंय, कारण घरी पाठवायच्या पत्रात आम्ही तसंच लिहीत होतो.

आता कायद्याची गोष्ट, कारण यात माझ्यासारख्या बऱ्याच जणी अडकल्या. तुमचं कामाचं परमिट "आय" वर्गातलं असेल. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी तेच लागतं, आणि अर्ज तिथल्या नोंदणीकृत संस्थेनंच करायचा असतो. त्या परमिटावर पत्नी आणि मुलं अवलंबित म्हणून राहू शकतात. पण अवलंबिताच्या पासवर नोकरी करता येत नाही. शिवाय भारतातली नर्सिंगची नोंदणी तिथं चालत नाही, त्यांच्या नर्सिंग कौन्सिलकडं वेगळी नोंदणी करावी लागते. "मी नर्स आहे, कुठंही उपयोगी पडेन" या भरवशावर मी गेले आणि पहिली तीन वर्षं कुणाचा ताप मोजायचाही अधिकार मला नव्हता. चौथ्या वर्षी चर्चच्या दवाखान्यात कागदोपत्री काम मिळालं. तेव्हा कुठं मी माणसात आले.

म्हणून ताईंची कागदपत्रं आत्तापासून काढायला घ्या: गुणपत्रिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले. बोलावणाऱ्या चर्चला स्पष्ट लिहा की तुमच्या परमिटाबरोबर ताईंच्या वेगळ्या परमिटाचाही विचार व्हावा. ते "बघू, या तर आधी" म्हणतील. तिथं अडून बसा. पाळकाच्या बायकोनं घर सांभाळावं, महिला संघ चालवावा आणि त्यालाच सेवा म्हणावं, हा समज आपल्याकडं आहे तसाच तिथंही आहे. ताईंना खरंच तेच हवं असेल तर प्रश्न नाही. पण हे त्यांना एकट्यांना विचारा, तुमच्या आईसमोर नको.

भाषेबद्दल तुम्ही लिहिलंय की मोबाईलवर स्वाहिली शिकायला सुरुवात केलीय. चांगलं आहे, सोडू नका. मराठी माणसाला ती जवळची वाटते. दुकानाला ते दुका म्हणतात, विम्याला बिमा, हिशेबाला हेसाबू, पैशाला पेसा. बाजारात, बसमध्ये, सरकारी खिडकीवर तीच लागते. पण किसुमू हा लुओ लोकांचा मुलूख. घरात, मयतीला, प्रार्थनेत त्यांची धोलुओ. ती स्वाहिलीची बहीण तर सोडाच, त्याच कुळातलीही नाही. बाहेरचा कुणी पाळक कोल्हापुरात येऊन फक्त हिंदीत बोलत राहिला तर काय होईल? लोक ऐकतील, मान देतील, चहा पाजतील. पण आजारी सासूबद्दल, दारू पिणाऱ्या मुलाबद्दल त्याच्याशी कोण बोलणार? तसंच हे. सहा महिने चौघांनीही शिकवणीला बसा, एकाच मास्तरांकडं. धोलुओत सुरांनी अर्थ बदलतो, त्यामुळं तुमची मुलगी तुमच्या आधी शिकेल आणि तुम्हाला हसेल. हसू द्या. घरात बापापेक्षा लेकीला जास्त येतं अशी एक तरी गोष्ट तिच्या वाट्याला येईल.

घड्याळाचंही सांगून ठेवते. तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", एक वाजला. महिलांच्या सभेला मला "सा तातू"ला बोलावलं होतं. तातू म्हणजे तीन एवढं मला येत होतं, म्हणून मी दुपारी तीनला नटून गेले. बायका सकाळी नऊपासून थांबलेल्या. एकीनंही तोंड वाकडं केलं नाही, उलट "पोले, पोले", म्हणजे वाईट वाटलं हो, असं म्हणत माझीच समजूत काढली.

आता जे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं ते. गोरा मिशनरी गेला की लोक त्याला मिशनरी म्हणून ओळखतात, त्याची एक ठरलेली जागा असते. तुम्ही गेलात की तुम्ही मुहिंदी, म्हणजे हिंदुस्थानी. आणि मुहिंदी म्हटलं की दुकानदार. पहिल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न होता, "तुमचं दुकान कुठल्या रस्त्यावर?" याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. इंग्रजांनी युगांडा रेल्वेसाठी हिंदुस्थानातून 30,000 च्या वर मजूर नेले. 1901 मध्ये रूळ व्हिक्टोरिया तळ्याला टेकले ते आजच्या किसुमूतच. रेल्वेच्या मागोमाग दुकानं आली, गुजराती आले, पंजाबी आले. पिढ्यान् पिढ्या तिथं राहिलेली ती माणसं आहेत, 2017 मध्ये केनियानं त्यांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यताही दिली. पण गल्ल्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा हा भेद पुरता मिटलेला नाही. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच लोकांनी तुम्हाला गल्ल्यामागं बसवलेलं असतं.

याचा इलाज म्हणजे राहण्याची जागा. तिथल्या गुजराती बायकांनी मला पहिल्या वर्षी अक्षरशः जगवलं. डाळ, कढीपत्ता, हिंग, डॉक्टरचा पत्ता, सगळं त्यांनी दिलं. त्यांच्याशी नातं जरूर ठेवा. पण घर त्यांच्या वस्तीत घेऊ नका. चर्चची मंडळी राहतात त्या भागात घ्या, पाणी दिवसाआड येत असलं तरी. आपण तर ज्यांच्या दारात मिशनरी उतरले त्या लोकांची नातवंडं. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब आणि त्यांच्या पत्नी एलायझाबाई अहमदनगरहून कोल्हापुरात आले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत इथं शाळा झाल्या, चर्च झालं, दवाखाने झाले, आणि बंगलेही झाले. माझी आजी अशाच एका बंगल्यावर कामाला होती. मडमसाहेबांबद्दल ती नेहमी चांगलंच बोलायची, त्यांनीच तिला वाचायला शिकवलं. पण गोष्ट सांगताना ती कायम "मागच्या दारानं गेले" असं म्हणायची. मागचं दार हा शब्द तिच्या बोलण्यात इतका मुरलेला होता की तो खटकतोय हेसुद्धा मला किसुमूत गेल्यावर कळलं, आमची कामवाली मावशी मागून आली तेव्हा. मी तिला पुढच्या दारानं यायला सांगितलं. ती आठवडाभर अवघडून गेली होती, मग सवय झाली.

माणसं घरी बोलावतील तेव्हा जा, आणि पुढ्यात येईल ते हातानं जेवा. या बाबतीत आपण गोऱ्यांपेक्षा नशीबवान. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा नावाची पालेभाजी नाहीतर तळ्यातला मासा. तांबडा-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेला आधी सपक लागेल. आणि एक गंमत. चपाती तिथं सगळ्यांना माहीत आहे, पण ती सणाची, मैद्याची, तेल सोडून केलेली. आमच्या डब्यात रोज चपाती बघून शेजारीण म्हणाली, "रोज? मग नाताळला काय करता?" त्या दिवसापासून पाहुणे असले की मीही उगालीच करायला लागले.

मुलांचं. तुमचा मे महिन्याचा बेत मला अजिबात पसंत नाही. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन सत्रांत नोव्हेंबरच्या आसपास संपतं. मेमध्ये गेलात तर मुलगा वर्गाच्या मध्यातच टाकला जाईल, जिथं दोस्त्या ठरलेल्या असतात आणि मास्तरांना नव्या पोराकडं बघायला वेळ नसतो. आम्ही हीच चूक केली. आमचा मुलगा चौथी पास होऊन गेला, तिथं त्याला पुन्हा चौथीत बसवलं, तेही दुसऱ्या सत्रात. शिक्षणाचं नुकसान पुढं भरून निघालं, पण "मी नापास झालो का?" हा त्याचा प्रश्न मला अजून ऐकू येतो. डिसेंबरात जा. तिथला नाताळ मंडळीबरोबर करा, गावोगाव गेलेली माणसंही त्या वेळी घरी परतलेली असतात, ओळखी होतात. मग जानेवारीत मुलगा सगळ्यांबरोबर नव्या वर्गात बसेल. इकडचं सहामाहीनंतरचं अर्धं वर्ष बुडतं, ते बुडू द्या.

मुलगा परत कधी यायचा हेही आत्ताच ठरवा. तुमची तीन वर्षं पाच होतील, सगळ्यांची होतात. पण दहावीच्या तोंडावर पोराला बोर्ड बदलायला लावू नका. एकतर आठवीपर्यंत परत या, नाहीतर बारावीइतकं शिक्षण तिथंच किंवा तिथल्या ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत पुरं करायचं आणि त्याची फी कोण भरणार हे पंचांकडून लेखी घ्या. आणि मराठी. रोज रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मराठीतच, बायबलचा धडा मुलानं मोठ्यानं वाचायचा. पाठांतर-निबंध काही नको, एवढंच. आमच्या दोन्ही मुलांची मराठी टिकली ती शास्त्र वाचून. मात्र त्यामुळं धाकटी कोल्हापुरात परतल्यावर रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, आपण मला सत्वर पोचवाल का?" तो गाडी थांबवून हसला.

या धाकटीला तिथं अकोथ म्हणायचे. लुओ लोकांत बाळाचं नाव जन्माच्या वेळेवरून ठेवतात: रात्री झालेला ओतिएनो, सकाळची अकिन्यी, पावसातला ओकोथ, मुलगी असेल तर अकोथ. ती तिथं जन्मली नव्हती, पण आम्ही पावसात आलो म्हणून शेजारच्या म्हातारीनं ते ठेवलं. आज ती सत्तावीसची आहे आणि घरचं कोणतं गाव असं विचारलं की क्षणभर थांबते. रॉबर्ट वाइल्डरचं मला तिच्यामुळं कुतूहल वाटतं. साहेबांचा हा मुलगा 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला, इथं वाढला आणि मग अमेरिकेत गेला. 1886 साली तिकडं विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी राहिली, तिच्यात तो पुढं होता. त्या पोराला मायदेशी गेल्यावर पंचगंगेचा घाट आठवत असेल का, असं मी लेकीला म्हटलं. ती म्हणाली, "मायदेश कुठला, आई?" तुमच्या मुलांचंही असंच होईल. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यांना ते बोलायला जागा द्या, "देवाच्या कामासाठी सोसायचं" म्हणून तोंड बंद करू नका.

तब्येतीचं थोडक्यात, पण हे हसण्यावारी नेऊ नका. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी. केनियात शिरताना कदाचित कुणी विचारणार नाही, पण त्या प्रमाणपत्राशिवाय भारतात परत आलात तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात, कागद जपा. नैरोबीतले लोक म्हणतील मलेरिया काही नाही. नैरोबी उंचावर, थंड. किसुमू तळ्याकाठी, तिथं बाराही महिने डास. मच्छरदाणीत झोपायचं, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, तो दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. सुटीवर कोल्हापूरला आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आफ्रिकेतून आलोय, नाहीतर डेंगीच्या तपासण्यांत दिवस जातो. आणि व्हिक्टोरिया तळ्यावरची जलपर्णी बघून मुलांना पंचगंगा आठवेल, पाण्यात उतरावंसं वाटेल. उतरू देऊ नका. काठच्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया या रोगाचे जंतू पाण्यात येतात आणि कातडीतून शरीरात शिरतात.

पैशाचं. पंचांनी दरमहा मानधनाचा ठराव केला, उत्तम. पण मंडळी ही सार्वजनिक ट्रस्ट आहे. ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च करायला आयकर आणि परकीय चलन दोन्हींचे नियम आडवे येतात, खजिनदारांनी उठून बँकेत जावं आणि पाठवावं इतकं ते सरळ नाही. निघायच्या आधी धर्मादाय ट्रस्टचं काम करणाऱ्या सीएकडं तुम्ही स्वतः जाऊन बसा. तुमचं बचत खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्यावं लागेल. आणि मनाची तयारी ठेवा: पहिल्या वर्षी सगळे पाकिटं देतात, दुसऱ्या वर्षी चर्चचं छप्पर गळायला लागतं. आमचं मानधन एकदा पाच महिने आलं नाही. कुणाला दोष देत नाही, पण सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय विमानात बसू नका.

मागणारे दारात येतील, रोज येतील. मुलाची फी, आईचं औषध, मयतीचा खर्च. लुओंची मयत मोठी असते, आठवडाभर चालते, सगळ्या भाऊबंदांना जेवण, आणि माणूस त्याच्या मूळ गावीच पुरायचा. शनिवार त्यातच जातात. जा, बसा, वर्गणी द्या, ती सगळेच देतात. बाकी मागण्यांसाठी स्थानिक पंचांच्या हाती एक लहान निधी ठेवा, निर्णय त्यांचा. उसने मात्र कुणालाही देऊ नका. द्यायचे तर देऊन टाका. उसन्याच्या ओझ्यानं आमची एक चांगली कुटुंबमैत्री गेली. ती बाई रस्ता बदलायला लागली, आणि रक्कम होती कोल्हापुरात दोघांच्या मिसळीइतकी.

निवडणुकीचं विसरू नका. डिसेंबर 2007 च्या मतदानानंतर किसुमूत जाळपोळ झाली, हिंदुस्थानी लोकांची दुकानं फुटली. आम्ही नऊ दिवस घरात होतो. शेजाऱ्यांनी फाटकासमोर बसून राखलं, आम्ही त्यांच्यात राहत होतो म्हणून. तिथं दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये मतदान असतं, पुढचं 2027 मध्ये. त्या महिन्यात पिठाचा साठा, पाण्याचे कॅन, पासपोर्ट एका पिशवीत, आणि नैरोबीतल्या आपल्या उच्चायुक्तालयात चौघांची नावं नोंदवलेली.

मागं राहणाऱ्या आईवडिलांसाठी रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारा एक माणूस नावानं ठरवा. "मंडळी बघेल" म्हणजे कुणीच बघत नाही. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा किसुमू, नैरोबी, मुंबई, मग महालक्ष्मी एक्सप्रेस असं करत तिसऱ्या दिवशी पोचलो. माती झाली होती.

आता सोबत काय न्यायचं. भांडी नकोत, प्रेशर कुकर तेवढा घ्या आणि त्याच्या चार रबरी रिंगा. मराठी शास्त्र, गीतांचं पुस्तक, मुलांची मराठी पुस्तकं. पावसाळी बूट तिथं मिळतात. चटणी न्या, आपली कांदा-लसणाची, वर्षाची. विकतची नको, मे महिन्यात डंकावर कुटून घ्या म्हणजे डिसेंबरापर्यंत मुरते. दोन किलो पुरे, पण दुहेरी पिशवीत बांधून. आमची पिशवी वाटेत फुटली होती आणि यजमानांचा उपासनेचा पांढरा झगा पहिले सहा रविवार तांबूस होता.

ताईंना म्हणावं, पुढच्या गुरुवारी दुपारी घरी या. एकट्या या. माझी धोलुओची वही अजून आहे.